दप्तरात चाकू नको: शाळा, हत्यार आणि कायदा – मुस्लिम पालकांना माहीत असायला हव्यात अशा गोष्टी

१६ ऑगस्ट २०२४ रोजी राजस्थानातल्या उदयपूरमध्ये दहावीतल्या एका मुलाने आपल्याच वर्गमित्रावर चाकूने वार केले. तीन दिवसांनी तो जखमी मुलगा रुग्णालयात वारला. ऑगस्ट २०२५ मध्ये अहमदाबादेत आठवीतल्या मुलाने दहावीतल्या मुलावर वार केला, तो मुलगाही वाचला नाही. दोन्ही ठिकाणी वार करणारा मुलगा मुस्लिम घरातला होता आणि गेलेला मुलगा हिंदू घरातला. पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. उदयपूरमध्ये जाळपोळ झाली, इंटरनेट बंद झालं आणि ज्या घरात आरोपीचं कुटुंब भाड्याने राहत होतं ते दुसऱ्याच दिवशी पाडलं गेलं. अहमदाबादेत जमाव शाळेत घुसला आणि तोडफोड झाली.

सर्वात आधी एक गोष्ट साफ सांगायला हवी. दोन आयांची पोरं गेली. त्यापुढे बाकी सगळं नंतरचं. आरोपी आपल्या समाजातला आहे म्हणून त्याची बाजू घ्यायची, हा आमचा विचार नाही आणि दीनही तसं शिकवत नाही. मशिदीतून किंवा बाजारातून बाण घेऊन जाणाऱ्याने बाणाची टोकं हातात धरावीत, कुणा मुसलमानाला ओरखडाही निघू नये, अशी ताकीद अल्लाहच्या रसूल (स.) यांनी दिल्याची हदीस सहीह बुखारीत आहे. लोक जमतात तिथे हत्याराने कुणालाही, चुकूनही, इजा होता कामा नये, हा त्यातला धडा शाळेलाही लागू होतो.

उदयपूरच्या घटनेनंतर राजस्थानच्या शिक्षण विभागाने शाळेत चाकू, कात्री यांसारख्या धारदार वस्तू आणायला बंदी घातली आणि दप्तरं तपासायला सांगितली. आपल्याकडेही अनेक शाळांनी अशा सूचना पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर टाकल्या. पण कायदा नेमका काय म्हणतो, शाळेला काय करता येतं, काय करता येत नाही आणि पोलीस आले तर आई-वडिलांनी काय करायचं, हे बहुतेकांना माहीत नसतं. म्हणून आम्ही ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. लेख जपून ठेवा, गरज पडू नये अशी दुआ करा.

हत्यार म्हणजे नेमकं काय?

देशात शस्त्रांबाबतचा मुख्य कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत 'आर्म ॲक्ट'. हल्ला किंवा बचाव करण्यासाठी बनवलेली किंवा तशी बदललेली वस्तू, मग ती बंदूक असो की धारदार हत्यार, या कायद्याने शस्त्र ठरते. फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू, साधी काठी आणि निव्वळ खेळणी यातून वगळली आहेत.

धारदार हत्यारांसाठी नियमांत एक माप दिलं आहे. पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असेल, तर तलवार, खंजीर, भाला, सुरा, कृपाण, खुकरी ही हत्यारं 'विशिष्ट वर्णनाच्या' शस्त्रांत मोडतात आणि कलम ४ ची अधिसूचना असेल तिथे ती परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. इथेही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामाची अवजारं वगळलेली आहेत. बातम्यांत 'आर्म ॲक्ट ४ (२५)' असं वाचायला मिळतं, ते हेच. कलम ४ मोडलं म्हणून कलम २५ खाली शिक्षा. ही शिक्षा १ ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी आहे. परवान्याशिवाय बंदूक, गावठी कट्टा बाळगल्यास शिक्षा त्याहून जास्त, २ ते ५ वर्षांपर्यंत आहे.

बंदुकीच्या बाबतीत वयाची अटही आहे. २१ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतुसं बाळगता येत नाहीत. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी ठरावीक अटींवर सवलत आहे, पण ती शूटिंग रेंजवरची. घरात कुणाकडे परवान्याची बंदूक असेल तर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी कुलपात ठेवणं ही परवानाधारकाची जबाबदारी.

छोटा चाकू चालतो, असं समजू नका

आता पोरं म्हणतात, "पातं तर चारच इंच आहे, त्याला कुठे लायसन्स लागतं?" हा अर्धवट कायदा फार महागात पडतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ (१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात. सणासुदीला, निवडणुकीत, मोर्चांच्या काळात असे आदेश निघतात आणि मोठ्या शहरांत ते पुन्हा पुन्हा निघत राहतात. या आदेशात बंदूक, तलवार, सुरा, भाला तर येतोच, पण लाठी, सोटा आणि शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू सोबत बाळगायलाही मनाई करता येते. इथे ९ इंचांचं माप लागत नाही. आदेश मोडला की कलम १३५. म्हणून पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये '३७ (१) (१३५)' हे आकडे सतत दिसतात.

कोयत्याचं उदाहरण घ्या. ऊसतोडीचा कोयता हे शेतीचं अवजार. शेतात तो हातात असला तर काहीच नाही. पण तोच कोयता शर्टाच्या आत लपवून रात्री चौकात फिरणाऱ्या पोराकडे सापडला, तर पोलीस त्याला अवजार मानत नाहीत. पुण्यात कोयता घेऊन दहशत माजवण्याचे प्रकार गाजले, त्यात अल्पवयीन मुलंही होती. वस्तू कोणती हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ती कुठे, कधी आणि कशासाठी जवळ होती हेही महत्त्वाचं असतं.

चाकू वापरला गेला तर पुढचा कायदा लागतो. १ जुलै २०२४ पासून इंडियन पीनल कोडच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११८ नुसार धोकादायक हत्याराने साधी दुखापत केली तरी ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गंभीर दुखापत असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा जाते. यात पात्याची लांबी कुणी मोजत नाही. नुसता चाकू दाखवून धमकावणं हाही वेगळा गुन्हा आहे.

रोजच्या वस्तूंचं काय?

पालकांना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

कंपास पेटी: कर्कटक म्हणजे हत्यार नव्हे, ते भूमितीचं साधन आहे. पण त्याच्या टोकाने कुणाला टोचलं तर गुन्हा होऊ शकतो. लहान वर्गांत शाळा बोथट टोकाची साधनं मागते, ती मुकाट्याने घ्यावीत.

कटर, ब्लेड, कात्री: पेन्सिलीला टोक करायला ब्लेड देण्याची जुनी सवय अजून काही घरांत आहे. शार्पनर पाच रुपयांत मिळतो. हस्तकलेसाठी कात्री लागली तर गोल टोकाची द्यावी आणि शिक्षकांनी ज्या दिवशी मागितली त्याच दिवशी. शाळेने बंदीची सूचना काढली असेल तर 'क्राफ्टसाठी होती' हे कारण पुरत नाही.

डब्यातली सुरी: सफरचंद कापायला अम्मीने डब्यासोबत छोटी सुरी दिली, असं होतं. हेतू चांगला असला तरी हे करू नये. फळ घरूनच कापून द्यावं.

कुर्बानीच्या सुऱ्या: बकरी ईदच्या दिवसांत घरात मोठ्या सुऱ्या, सत्तूर येतात, धार लावून आणले जातात. ही घरकामाची आणि कसाईकामाची अवजारं आहेत. पण धार लावायला नेताना-आणताना ती कापडात गुंडाळून, पिशवीत, मोठ्या माणसानेच न्यावीत. शाळेच्या पोराला सायकलवरून पाठवू नये. ईद झाली की धुऊन, पुसून, मोजून कुलपात ठेवावीत. सुरी कमी भरली तर त्याच दिवशी विचारणा करावी.

मोहर्रम आणि उरूस: जुलूस, आखाडे, दांडपट्टा यांची परवानगी आयोजक घेतात आणि ती त्या कार्यक्रमापुरती, अटींसह असते. आखाड्यातलं हत्यार पोराच्या हातात देऊन फोटो काढणं, ते घरी न्यायला देणं, दुसऱ्या दिवशी मित्रांना दाखवायला शाळेत नेऊ देणं, यातलं काहीही त्या परवानगीत बसत नाही.

खेळण्यातली पिस्तुलं: ईदीच्या पैशांतून टिकल्यांचं पिस्तूल सगळीच पोरं घेतात. कायद्याने ते शस्त्र नाही. पण हल्लीची खेळणी इतकी खरी दिसतात की लांबून फरक कळत नाही. शाळेत ती नेऊ देऊ नका. छर्ऱ्याची बंदूक मात्र खेळणं नव्हेच, तिने डोळा जाऊ शकतो.

शाळेला काय अधिकार आहेत?

मुलं शाळेत असताना त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी शाळेची असते. म्हणून धोकादायक वस्तू आणू नका असा नियम करणं, तो पालकांना कळवणं, दप्तर बघणं आणि वस्तू काढून घेणं हे शाळा करू शकते. २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर राज्य सरकारने शाळांत सीसीटीव्ही, तक्रारपेटी आणि सखी-सावित्री समिती यांवर जोर दिला. चाकूची धमकी, दादागिरी, त्रास या तक्रारीही त्याच तक्रारपेटीत टाकता येतात.

पण या अधिकारालाही हद्द आहे.

तपासणी सगळ्यांची सारखी हवी. एका वर्गातली ठरावीक नावाचीच दप्तरं उघडली जात असतील, तर ती सुरक्षा नव्हे, भेदभाव आहे. अशा वेळी शाळेच्या फाटकावर आरडाओरडा करू नका. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, त्याची पोच घ्या. नाही ऐकलं तर शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक, आणि त्यापुढे राज्य बाल हक्क संरक्षण आयोग.

मुलींची तपासणी फक्त शिक्षिकेने, बाजूला, दुसऱ्या शिक्षिकेच्या समोर करावी. चारचौघांत हिजाब किंवा ओढणी काढायला लावणं योग्य नाही. तसं झाल्यास लेखी तक्रार करा.

मारहाण चालत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाशी क्रूर वागणं हा गुन्हा आहे. चाकू सापडला म्हणून मुलाला प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांसमोर उभं करून 'हा बघा गुन्हेगार' म्हणणं हाही छळच.

शाळेतून काढता येतं का? याच कायद्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंतच्या मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा देणारी दुरुस्ती २०१९ मध्ये झाली, पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच राहिली. मात्र आपल्या घरांसाठी एक बाब महत्त्वाची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या प्रमती निकालात हा कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना, अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू नाही असं ठरवलं. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी पाठवला. मदरशांना तर हा कायदा आधीपासूनच लागू नाही. म्हणजे आपलं मूल अंजुमनच्या किंवा एखाद्या मुस्लिम ट्रस्टच्या उर्दू शाळेत असेल, तर कलम १६ चं संरक्षण तिथे सांगता येईलच असं नाही. आमची या संस्थांच्या विश्वस्तांना विनंती आहे की कायदा लागू असो-नसो, आठवीपर्यंतचं पोर रस्त्यावर टाकू नका. शाळेतून काढलेल्या पोराला चाकू सोडायला कोण सांगणार?

नववीपासून पुढे शाळा कडक कारवाई करू शकते. तरीही आधी नोटीस, मुलाचं आणि पालकांचं म्हणणं ऐकणं आणि लेखी निर्णय, एवढं मागणं हा तुमचा हक्क आहे. दबावाखाली 'स्वखुशीने दाखला नेत आहे' असा अर्ज लिहून देऊ नका. एकदा दिला की नंतर दाद मागणं अवघड होतं.

पोलिसांना बोलावलं तर

१८ वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीसाठी बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. धर्म, जात, शाळा काहीही असो. भारतीय न्याय संहितेनुसार ७ वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. ७ ते १२ वयात, मुलाला आपल्या कृत्याचं स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी समज नसेल तर तेही गुन्हा ठरत नाही.

ताब्यात घेतलेल्या मुलाबाबत पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. बेड्या घालता येत नाहीत.

२. त्याला विशेष बाल पोलीस पथक किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यावं लागतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळासमोर हजर करावं लागतं. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यांपैकी किमान एक महिला.

३. पालकांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. मुलाशी बोलताना आई-वडील हजर राहू शकतात. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार मुलाकडून कुठल्याही जबाबावर सही घ्यायची नसते.

४. मुलाच्या बाबतीत जामीन हा नियम आहे, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. बाहेर गेल्यास तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतू फसेल असं मंडळाला वाटलं तरच जामीन नाकारला जातो.

५. मुलांना मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार मुलं आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० वर फोन करा.

आता वयाच्या पुराव्याबद्दल. मूल १८ च्या आत आहे की नाही हे ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात, ते नसेल तर पालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आपल्याकडे जन्मदाखल्यावर एक तारीख, शाळेत दुसरी, आधारवर तिसरी, आणि नावाचं स्पेलिंग चौथंच, असं सर्रास असतं. हे आजच दुरुस्त करा. अडचणीच्या रात्री ते होत नाही.

गुन्ह्यांचे तीन प्रकार आहेत. जास्तीत जास्त ३ वर्षांपर्यंत शिक्षा असलेले किरकोळ, त्यावरचे गंभीर आणि किमान ७ वर्षं शिक्षा असलेले निर्घृण. कलम ४ खालचं धारदार शस्त्र नुसतं बाळगणं किरकोळ प्रकारात येतं. खून निर्घृण प्रकारात येतो. १६ ते १८ वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर मंडळ त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि समज तपासतं आणि त्यानंतर खटला प्रौढासारखा बाल न्यायालयात चालू शकतो. म्हणून 'अठराच्या आत आहे, काही होत नाही' असं कट्ट्यावरचा कुणी भाई पोराला सांगत असेल, तर तो त्याला फसवतोय. लहान पोरांच्या हातात हत्यार देऊन स्वतः मागे राहणाऱ्या अशा मोठ्यांसाठीही कायद्यात जागा आहे. कलम ८३ नुसार मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड होऊ शकतो.

एक दिलासाही आहे. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळाकडे निकाली निघालं, तर त्या कारणाने पुढे नोकरी, शिक्षण अडत नाही. कलम २४ ने ती अपात्रता काढून टाकली आहे. प्रौढासारखा खटला चाललेल्यांना मात्र हे संरक्षण मिळेलच असं नाही. एका वेळेला सापडलेल्या पोराला सुधारायला कायदा जागा ठेवतो, आपणही ठेवायला हवी.

रील, फोटो आणि मोहल्ल्याची इज्जत

तलवारीने वाढदिवसाचा केक कापणं, कोयता फिरवत गाणं लावणं, स्टेटसवर चाकूचा फोटो. पोलिसांचं लक्ष समाजमाध्यमांवर असतं आणि असे व्हिडिओ पाहून गुन्हे दाखल होतात. पोराने पुसलं तरी कुणाच्या तरी फोनमध्ये ते राहतंच.

दुसरी बाजू मोठ्यांची. शाळेत काही घडलं की मुलाचं नाव, फोटो, घराचा पत्ता गटागटांवर फिरतो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार आरोपी असो की पीडित, मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ही बंदी आपल्यालाही लागू आहे. आपल्या पोराचं नाव दुसऱ्यांनी फिरवलं तर गुन्हा आणि आपण समोरच्याच्या पोराचं फिरवलं तर बातमी, असं होत नाही.

आणि घर? १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने सांगितलं की घरातलं कुणी आरोपी आहे एवढ्याच कारणाने घर पाडता येणार नाही. किमान १५ दिवसांची नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागेल. रस्ता, फूटपाथ, रेल्वेलगत किंवा पाणवठ्यावरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही. त्यामुळे घरपट्टीच्या पावत्या, भाडेकरार, बांधकामाची परवानगी ही कागदपत्रं नीट ठेवा.

परदेशातल्या आपल्या कुटुंबांसाठी

कोकणातली किती तरी घरं ब्रिटनमध्ये आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये शाळेच्या आवारात पातं किंवा टोक असलेली वस्तू बाळगणं हा १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टच्या कलम १३९ अ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. शिक्षा ४ वर्षांपर्यंत. तिथे गुन्हेगारी जबाबदारीचं वय १० आहे, आणि चाकूचा संशय आल्यास मुख्याध्यापक विद्यार्थ्याची संमती नसतानाही झडती घेऊ शकतात. सुट्टीत गावी आलेल्या पोराने आठवण म्हणून घेतलेला छोटा चाकू तिकडे दप्तरात निघाला, तर प्रकरण थेट पोलिसांकडे जाऊ शकतं.

अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष काढून टाकण्याचा नियम राज्यांना करावा लागतो. प्रत्येक प्रकरण पाहून त्यात सूट देण्याचा अधिकार प्रमुख अधिकाऱ्याला असतो. पण कडक नियमांचं दुसरं टोकही तिथेच दिसलं. सप्टेंबर २०१५ मध्ये टेक्सासच्या अर्व्हिंग शहरात एका १४ वर्षांच्या मुस्लिम मुलाने घरी बनवलेलं घड्याळ शाळेत दाखवायला नेलं. ते नकली बॉम्ब समजून त्याला बेड्या घातल्या गेल्या. नंतर पोलिसांनी आरोप लावला नाही. अशा वेळी पालकांना आमचा सल्ला एवढाच, की विज्ञान प्रकल्प, तारा, बॅटऱ्या शाळेत न्यायच्या असतील तर आदल्या दिवशी शिक्षकांना लेखी कळवा.

कॅनडात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका शीख विद्यार्थ्याला कृपाण शाळेत बाळगू दिली, पण म्यानात, कपड्याच्या आत आणि शिवलेली, अशा अटींवर. आपल्या देशात संविधानाच्या कलम २५ मध्येच शिखांच्या कृपाणाचा उल्लेख आहे. तेव्हा 'त्यांना चालतं, आम्हाला का नाही' असा वाद पोरं घालतील, त्यांना हे समजावून सांगा. आपल्या दीनमध्ये शाळेत चाकू नेणं असं काही फर्ज नाही.

घरात काय करायचं?

पोरं चाकू का नेतात? दरवेळी मारायला नाही. बऱ्याचदा भीती असते. रस्त्यात कुणी अडवतं, पैसे मागतं, आडनावावरून चिडवतं. चाकू खिशात असला की पोराला धीर येतो. पण भांडणात चाकू बाहेर आला की तो कुणाच्या हातात जाईल हे कुणाला ठाऊक नसतं.

म्हणून दप्तरात काही सापडलं तर आधी हात उचलू नका. दार लावून, शांतपणे विचारा, "बेटा, कुणाची भीती वाटते?" उत्तर मिळालं की दुसऱ्या दिवशी शाळेत जा, त्रास देणाऱ्याबद्दल लेखी तक्रार द्या. चाकू घरातला असेल तर जागेवर ठेवा. कुणी दिला असेल तर कुणी दिला ते शोधा. बंदूक किंवा काडतूस निघालं तर हात लावू नका, वकिलाशी बोलून लगेच पोलिसांना कळवा, लपवणं म्हणजे स्वतः आरोपी होणं.

शाळेतून मूल जखमी झाल्याची बातमी आली, तर लक्षात ठेवा: शरीरात घुसलेलं हत्यार ओढून काढायचं नाही. आजूबाजूला स्वच्छ कापडाने दाब द्यायचा आणि १०८ ला फोन करायचा. पोलिसांसाठी ११२, मुलांच्या मदतीसाठी १०९८. हे तीन नंबर आणि १५१०० मुलांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

इमाम साहेबांनी जुम्याच्या बयानात, मकतबच्या उस्तादांनी सबक झाल्यावर पाच मिनिटं, आणि शाळेच्या पालक सभेत आई-वडिलांनी हा विषय काढावा. पालक सभेला अब्बा जात नाहीत आणि अम्मीला बोलू दिलं जात नाही, हे चालणार नाही. पोराच्या दप्तरात काय आहे हे शाळेच्या आधी घराला कळायला हवं. ते कळावं म्हणून रोज रात्री दप्तर भरताना पाच मिनिटं त्याच्या शेजारी बसा.